सांगायजोगं दुखणं

बाटलीत कापूस घालायचा.
हे मला कुणी शिकवलं न्हाई.
गोळ्या वाजतात,
आन् आमच्या गल्लीत भिंती पत्र्याच्या.
पलीकडं मालन जर्दा चाळत बसलेली असते,
चाळणीच्या आवाजातनंबी तिला सगळं ऐकू येतं.

निपाणीहून चिकोडी जवळ.
पण चिकोडीत नणंदेचं सासर,
म्हणून मी बेळगाव धरलं.
संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती.
घरात सांगायची, गुडघ्याचा डॉक्टर हाय तिथं,
हाताला गुण हाय त्याच्या.
सतरा वर्सं गुडघा दुखतोय माझा.
आता खरंच दुखतो.

पहिल्या दिवशी रक्तातली शिपाईगडी मोजली.
सिस्टर म्हणाली, नूरा हत्तु.
कानडी आकडे मी बाजारात शिकलेली,
पण एकशेधा म्हणजे किती कमी
ते तिच्या तोंडावरनं कळलं.
त्या आठवड्यात एक लुगडं
पेटीच्या तळाला घालून ठेवलं, शेवटचं म्हणून,
आन् भिशीतनं नाव काढलं.
धनी आधीच गेलेले. गल्लीला टीबी सांगितलेली.
टीबी सांगता येते.
खोकल्याला अब्रू असते.

पहिली गोळी दोन वेळची.
तिनं जीव दिला आन् गाल नेले.
तळपाय असे पेटायचे
की रातच्याला ओल्या पोत्यावर उभी ऱ्हायची मी.
दुसरीनं सपनं दिली:
सासू कानडीत भांडायची,
जिला जल्मात कानडी आली न्हाई.
तिसरी आता. एकच, रात्री नवाला.
हिचं काही म्हणणं न्हाई.

पंचवीसचा कट्टा बांधणारी बोटं माझी,
तीस गोळ्यांची बाटली म्हणजे कट्टा आन् वर पाच.
सिस्टरनं उरलेल्या मोजायच्या आत मी आकडा सांगते.
एकदाच चुकला.
भाचीचं लगीन, घटप्रभेला,
एका खोलीत चौदा बायका, अकरा दिवस,
झाकण उघडायला कोपरा मिळंना.
शैलजा मॅडम ओरडली न्हाई.
पेन खाली ठेवलं, म्हणाली,
संडासलापण सोबत यायची का कोण?
हसू आलं. मग दुसरं आलं.
तवापासनं परगावी गोळी पदराच्या गाठीत.

आता रिपोर्टावर लिहून येतं, सापडला नाही.
एवढं मोठं मशीन हुडकतं
आन् त्याला सापडत न्हाई.
गल्लीत मीबी तेच केलं इतकी वर्सं.
बसमदी आधार दाखवलं
की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो.
दोन्ही कागद मी एकाच पिशवीत घालते.

मागच्या खेपेला मॅडमनं वेगळाच कागद वाचला,
भुवया जवळ आणून.
माझं काळीज बसलं.
"आक्काताई, तुम्हाला शुगर निघाली."
शुगर? कारखान्याच्या शेठला असते ती?
"तीच. वजनबी वाढलंय. भात कमी करा."
बाकावरची माणसं बघत ऱ्हायली
एवढी हसली मी.

स्टँडवर उतरले ती सरळ मालनच्या दारात.
"मालन, मला शुगर हाय गं!"
गल्लीच्या त्या टोकाला जाईल असं.
चाळणी ठेवली तिनं. अगं बाई, म्हणाली,
आन् कारलं, जांभळाच्या बिया,
मावसभावाचा कापलेला पाय,
समदं एका दमात.
बिनसाखरेचा चहा दिला.
उंबऱ्यावर बसून प्याले.
माझ्या दुखण्याबद्दल कुणीतरी बोलत होतं
आन् मला उठवंना.

रात्री नवाला ती आली, वाटीत भिजवलेली मेथी.
माझ्या हातात बाटली, झाकण उघडं.
"शुगरची?"
"व्हय."
तांब्या तिनंच उचलून दिला,
मी गिळीपर्यंत उभी ऱ्हायली.
मग दारात थांबली, पाठमोरी.
"कापूस नीट घाल," म्हणाली.
"परवा वाजल्या."